वीस वाव, पंधरा वाव

(वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून-सावरून)

फलकावर विषय लिहिलाय, ‘संकटकाळी ख्रिस्ती श्रद्धेचं बळ’. सात वाजता क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना, सुरू व्हायचीय, म्हणजे माझ्याकडे अर्धा तास. दहा मिनिटं माझा परिचय करून देण्यात गेली. त्यातलं बरंचसं खरं होतं.

संकट म्हटलं की आपल्याकडे बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय निघतो. येशू नावेत उशीवर डोकं ठेवून निजलाय, शिष्यांची गाळण उडालीय. तो उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्र गप्प. सुंदर उतारा आहे, पण माझं एक गाऱ्हाणं आहे. हे ऐकून माणूस घरी जातो आणि त्याचं वादळ काही थांबत नाही. मग त्याला वाटतं, आपलीच श्रद्धा उणी पडली.

म्हणून मला दुसरं वादळ जवळचं वाटतं. बायबलातलंच प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. येशूचा प्रेषित पौल कैदी आहे, त्याला रोमला नेतायत. तो सांगतो, हंगाम संपलाय, पुढे जाऊ नका. पण शताधिपती, म्हणजे त्याला नेणारा रोमन लष्करी अधिकारी, ऐकतो तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं. (मागे कोणीतरी हसलं. नाखवा दिसतोय.) पुढे चौदा रात्री वादळ. मध्यरात्री खलाशांना वाटतं, जमीन जवळ आली. ते बुडीद, म्हणजे दोराला बांधलेलं वजन, सोडून पाणी मोजतात. वीस वाव; वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप. थोडं पुढे पंधरा वाव. बायबलात ‘वाव’ हा शब्द वाचून माझे वडील खूश व्हायचे. म्हणायचे, लिहिणारा दर्यावर गेलेला दिसतो. मग मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात.

इथे मला आमच्या दादाची गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐका. १७ मे २०२१, तौक्ते वादळ. बोटी नांगरलेल्या होत्या, दादाचीही. रात्री दोर तुटला आणि बोट खडपावर आपटली. सकाळी उरल्या फळ्या आणि इंजिन, तेही चिखलात. लॉकडाऊन होता, तरी सांत्वनाला माणसं आली, तोंडाला मास्क बांधून. सांत्वनाला कुठलीच बंदी अडवत नाही. एक म्हणाले, “देवाची इच्छा.” दुसऱ्यांनी विम्याचं विचारलं. तिसऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, “बोटीवर पवित्र पाणी मारलं होतं ना रे?” दादा म्हणाला, “फादरांनी बादलीभर मारलं होतं, मावशी. समुद्राने जरा जास्त मारलं.”

बायबलातल्या ईयोबाचे मित्र आठवतात ना, त्याचं सगळं गेल्यावर सांत्वनाला आलेले? सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं छान केलं. मग बोलायला लागले आणि अध्यायच्या अध्याय थांबेनात. शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. सांत्वन करणाऱ्यांवर देव रागावल्याची नोंद आहे, हे आपण मर्तिकाला जाताना लक्षात ठेवत नाही.

त्या दिवशी घरात शहाणं एकच माणूस होतं, वहिनी. खलाशी ओले, उपाशी, मान खाली घालून पडवीत बसलेले. तिने भात शिजवला, सुक्या बोंबलांचं कालवण केलं, ताटं समोर ठेवली आणि म्हणाली, “आधी जेवा.” एवढंच.

आता पौलाकडे बघा. जहाज फुटायच्या बेतात आहे. चौदा दिवस कुणाच्या पोटात धड अन्न नाही. पहाट व्हायच्या सुमारास तो म्हणतो, जेवा. भाकर घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो, खायला लागतो. जहाजावर २७६ माणसं, त्यांतली बहुतेक त्याच्या देवाला न ओळखणारी. सगळ्यांना धीर येतो, सगळी जेवतात. वादळ मात्र तसंच आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, ‘पाच मिनिटं’. विषय तर अजून राहिलाच आहे.

थोडक्यात सांगतो. बळ म्हणजे संकट टळणं नव्हे. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, “माझी कृपा तुला पुरे.” पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय १२, घरी वाचा. दुसरं, तक्रार करायला घाबरू नका. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे बायबलातलं स्तोत्र २२ आहे, आणि क्रुसावर येशूच्या तोंडी तेच आलं. तक्रारही देवाकडेच केली की ती प्रार्थना होते. तिसरं, एकट्याने निभावू नका. त्या जहाजावरचे खलाशी छोटी होडी पाण्यात उतरवून गुपचूप सटकायला निघाले, तेव्हा पौल शिपायांना म्हणाला, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. यावर मी वीस मिनिटं बोलणार होतो.

शेवटी ते जहाज फुटलंच. पौलाने आधीच सांगितलं होतं, जहाज जाईल, माणूस एकही जाणार नाही. ज्यांना पोहता येत होतं ते पोहत गेले, बाकीचे फळ्यांवरून माल्टाच्या किनाऱ्याला लागले.

दादाने नवीन बोट घेतली नाही. दुसऱ्याच्या बोटीवर जातो. जुन्या बोटीची एक लांब फळी मात्र त्याने पडवीत बाकासारखी बसवलीय. मावशी आल्या की त्यावरच बसतात.