कॉन्कने राखलेलं सोनं

श्रोतेहो, नमस्कार. दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यात, डोंगरउतारावर कॉन्क नावाचं खेडं आहे. 2016 साली शेजारच्या गावांबरोबर त्याचं एक मोठं कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा स्थानिक कारभाराचा घटक, झालं; त्याआधी इथली लोकसंख्या 300सुद्धा नव्हती. आणि एवढ्याशा गावात संत फ्वाचं भव्य मठ-चर्च उभं आहे. ले प्युईहून स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू शतकानुशतकं इथे मुक्काम करत आले आहेत.

चर्चच्या दारावर बाराव्या शतकातलं शिल्प आहे, अंतिम न्यायाच्या दिवसाचं. त्यात सव्वाशेच्या आसपास आकृत्या आहेत. नरकात एका कंजुषाच्या गळ्यात पैशाची थैली लटकते आहे. मला मात्र कडेचे चेहरे फार आवडतात. दगडी पट्टीची किनार बोटांनी धरून ते हळूच डोकावत असतात. आठ-नऊशे वर्षं झाली, त्यांचं कुतूहल काही संपलेलं नाही!

संत फ्वा ही आजँ शहरातली कोवळी मुलगी, ख्रिस्ती धर्मासाठी हुतात्मा झालेली. तिच्या अस्थी नवव्या शतकात कॉन्कच्या एका साधूने आजँहून चक्क पळवून आणल्या. त्या ठेवण्यासाठी लाकडावर सोन्याचा पत्रा मढवून मूर्ती घडवली. पुढे भाविकांनी वाहिलेली रत्नं तिच्यावर जडत गेली.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चमधलं सोनं-चांदी जप्त होऊन वितळवलं जात होतं. तेव्हा कॉन्कच्या लोकांनी हा खजिना आपसांत वाटून घेतला आणि घरांत, बागांत, चेस्टनट वाळवायच्या खोपटांत दडवला. पकडले गेले असते तर धडगत नव्हती. धोका टळल्यावर त्यांनी तो परत आणून दिला. गरीब शेतकरी माणसं ही! त्यांच्या प्रामाणिकपणापुढे मला ते सोनं फिकं वाटतं.

चर्चची इमारत मात्र मोडकळीला आली होती. 1837 साली ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे आले, त्यांनी सरकारकडे अहवाल दिला आणि दुरुस्तीला चालना मिळाली. जवळच्याच रोदेझ गावात जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांनी 1994 साली 104 खिडक्यांना नव्या काचा दिल्या. त्यांत रंग नाहीत, चित्रं नाहीत. बाहेरचा उजेड बदलेल तशी त्यांची छटा बदलते. त्यावरून तेव्हा वाद झाला. माझ्या मते सुलाज यांचंच बरोबर होतं. त्या साध्या काचांमुळे भिंतींचा दगड उठून दिसतो.

ती सोन्याची मूर्ती पॅरिसच्या कुठल्या संग्रहालयात गेली नाही. ती कॉन्कमध्येच, चर्चला लागून असलेल्या खजिन्याच्या दालनात आहे.