ऑक्सिजन थोडा कमी पडला पाहिजे

नमस्कार मंडळी. आता तुम्ही रेडिओच्या ज्या डब्यातून माझा आवाज ऐकताय ना, त्याच्या स्पीकरच्या मागं बहुतेक एक काळं जड चक्र असतंय, लोखंडाला चिकटणारं, जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर बघितलं असेल बघा. ते लोखंड नाहीये ओ. ते फेराइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, त्यात स्ट्रॉन्शियम नाहीतर बेरियम मिसळून भट्टीत भाजलेलं, वाकत नाही, जोरात आपटलं तर सरळ तुकडे होतात. मिडियम वेव्हच्या सेटमध्ये तांब्याची तार गुंडाळलेली जी काळी कांडी असते तीपण फेराइटच. टोकियोत 1930 मध्ये कातो आणि ताकेई या दोघांनी हे शोधलं आणि ते विकायला 1935 मध्ये टीडीके कंपनी निघाली, हो हो, तीच कॅसेटवाली, आणि त्या कॅसेटच्या फितीवरचा तपकिरी थर परत लोखंडाचंच ऑक्साइड.

तर मी केमिस्ट, आणि आमचा धंदा हा असा, धातूची ऑक्साइडं. मी पीएचडीला बसलो तेव्हा घरी आत्यानं विचारलेलं की गंजावर कसली रे पीएचडी. आता काय सांगणार, गंज तोच, पण कामाला लावलेला. तुमच्या मोबाईलच्या बॅटरीत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असण्याची शक्यता भरपूर, ते गुडइनफ नावाच्या शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये पुढं आणलं आणि नोबेल मिळालं 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी! स्क्रीनला बोट लावता तिथं इंडियम आणि कथिलाच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर. ही यादी वाढवत बसलो तर माझा वेळ संपेल, म्हणून मला ज्याचं वेड लागलं तेवढंच सांगतो.

झिंक ऑक्साइड. पांढरी पावडर, कॅलामाइन लोशनमध्ये असते ती. ही पांढरी क्रुसिबलमध्ये, म्हणजे आगीला टिकणाऱ्या वाटीत घालून मफल फर्नेसला, आमच्या विजेच्या बंद भट्टीला लावा आणि तापलेली चिमट्यानं बाहेर काढा, चांगली पिवळी दिसते, लिंबाच्या रंगाची, आणि तुमच्या डोळ्यादेखत थंड होत होत परत पांढरी. एमएस्सीची पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा म्हणतात सर सॅम्पल खराब झालं. खराब काही नाही, तापल्यावर आतली अणूंची जाळी पसरते, थोडा ऑक्सिजन सुटतो, थंड होताना बहुतेक परत येतो. बहुतेक म्हणालो मी, सगळा नाही. काही जागा रिकाम्याच राहतात आणि या रिकाम्या जागांवर आमच्यासारख्यांचं पोट चालतंय. ऑक्साइड अगदी शुद्ध, एकही जागा न चुकलेलं असेल तर त्यातून वीज जवळजवळ जाणार नाही, ऑक्सिजन जरा कमी पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते पांढरं निरुपयोगी दिसणारं पीठ एकदम सेमिकंडक्टर, म्हणजे थोडी वीज जाऊ देणारं. (झिंक ऑक्साइडमध्ये हे रिकाम्या जागांमुळंच होतंय का हायड्रोजनमुळं यावर अजून भांडणं आहेत, दोन्हीकडचे लोक कॉन्फरन्सच्या जेवणातसुद्धा एका टेबलावर बसत नाहीत.)

म्हणून नुसतं कुठलं ऑक्साइड एवढं सांगून आमच्यात भागत नाही, कसं केलं ते सांगावं लागतं. ज्वारीचं पीठ एकच, पण मऊ भाकरी होणार का कडक ते तव्यावर आणि विस्तवावर ठरतं, सोलापूरकरांना हे मी सांगायची गरज नाही. आम्ही कोल्हापूरला शिकलो, तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते झालं 2004 ला. तिथं स्प्रे पायरोलिसिस शिकलो, म्हणजे झिंक ॲसिटेटचं द्रावण करायचं आणि चारशे-साडेचारशे डिग्रीला तापलेल्या काचेवर बारीक फवारायचं, काचेवर फिल्म, म्हणजे पातळ थर बसतो. ऐकायला सोपं. नोझल जरा वर-खाली झालं, हवेचं प्रेशर बदललं की फिल्म दुसरीच. आणि इथं सोलापूरला परत आल्यावर तर लाईट! फर्नेस पाचशेवर पोचलेली, आणि लाईट गेली, दोन तासांनी आली, आता ते सॅम्पल कुठल्या टेम्परेचरचं म्हणून लिहायचं? एक्सआरडीसाठी, म्हणजे एक्स-रे टाकून आतली रचना बघायच्या तपासणीसाठी बाहेरगावी पाठवा, पैसे भरा, नंबर लावा, आणि रिपोर्ट येतो तेव्हा कणांचा आकार मागच्या वेळेपेक्षा वेगळा. एकदा झालेलं सॅम्पल परत तसंच करून दाखवणं, खरी नोकरी तीच आहे. पेपर, म्हणजे शोधनिबंध, मात्र पहिल्या सॅम्पलवर निघतात, हे मला काही पटत नाही, पण प्रमोशन पेपर मोजून होतंय त्याला काय करणार.

बरं, या पिठाचा उपयोग काय. जपानमध्ये घरोघरी सिलेंडरचे स्फोट व्हायचे, तागुची नावाच्या माणसानं 1962 मध्ये कथिलाच्या ऑक्साइडच्या गॅस सेन्सरचं पेटंट मागितलं आणि 1968 पासून ते सेन्सर विकायला लागले. आत चालतं असं की ऑक्साइड दोन-चारशे डिग्रीला तापवून ठेवलेलं असतं, हवेतला ऑक्सिजन त्याच्या अंगावर येऊन बसतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, वीज अडते. गॅस लीक झाला की तो गॅस या बसलेल्या ऑक्सिजनशी भिडतो, इलेक्ट्रॉन सुटतात, वीज वाहते, बझर वाजतो. सुंदर आहे ना? पण पाण्याची वाफपण त्याच जागांवर येऊन बसते. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये आपल्या कोरड्या उन्हात सेट केलेला सेन्सर पहिला पाऊस पडला की वेगळंच रीडिंग द्यायला लागतो, गॅस नाही काही नाही.

आता आपल्या गावाचं. चादर-टॉवेलचं गाव, म्हणजे सूत रंगवणं आलं, रंगाचं पाणी आलं. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे रेणू फोडता येतात हे फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये दाखवलं, त्यावरूनच पुढं सगळे म्हणायला लागले की रंग पण फोडू. फुटतो पण. मिथिलीन ब्लू नावाच्या रंगाचं निळं पाणी, त्यात पावडर, वर यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, तासा-दोन तासात पाणी काचेसारखं स्वच्छ, व्हिडिओ काढायला एकदम भारी. जगात यावर पेपर किती असतील विचारू नका. पण मंडळी, मिथिलीन ब्लू पावडर न टाकतासुद्धा उजेडात हळूहळू उडतो, ते आधी तपासून वजा करावं लागतं, बरेच जण करत नाहीत. आणि खऱ्या डाइंगच्या पाण्यात नुसता रंग थोडाच असतोय, रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढायला पोतीच्या पोती मीठ लागतं, आणि मिठाचं क्लोराइडच रंग फोडणाऱ्या रॅडिकलला, म्हणजे प्रकाश पडल्यावर तयार होणाऱ्या तडफदार कणांना खाऊन टाकतं. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून कॅनमध्ये पाणी आणलं, त्यात आमची पेपरात नाव काढलेली पावडर संध्याकाळपर्यंत फिरवली, पाणी जांभळं ते जांभळंच. कारखान्याचे मालक बघून म्हणाले, सर तुमचं पाणी आमच्यापेक्षा गढूळ झालंय की ओ. खरंच होतं, पावडर खाली बसायला तयार नव्हती.

शिवाय ऊन. सोलापूरला ऊन फुकट म्हणून सगळे टाळ्या वाजवतात, पण ॲनाटेज जातीच्या टायटॅनियाची, म्हणजे त्याच टायटॅनियम डायऑक्साइडची, बँड गॅप, इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्याला 388 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, आणि उन्हात यूव्ही चार-पाच टक्केच. बाकीचं ऊन नुसतं आपल्याला भाजायला. इथं परत तीच ऑक्सिजनची गोष्ट कामाला येते, हायड्रोजनमध्ये तापवून थोडा ऑक्सिजन काढून घेतला की पांढरा टायटॅनिया करडा, काळा होतो आणि दिसणारा उजेडपण शोषायला लागतो. शोषला म्हणजे रंग फोडलाच असं नाही, हे तेवढं लक्षात ठेवा, कारण आत रिकाम्या जागा जास्त झाल्या की इलेक्ट्रॉन तिथंच अडकून बसतात.

सध्या आम्ही पावडर पाण्यात सोडायचं बंद केलंय, काचेच्या मण्यांवर थर चढवतो आणि मीठ आधी वेगळं काढलेल्या पाण्यावर चालवून बघतो. थर निघून जातो कधीकधी, धरायला जास्त भाजला तर ॲनाटेजचा रुटाइल, म्हणजे टायटॅनियाची दुसरी जात होते आणि काम मंदावतं, म्हणून पाचशेच्या आसपासच घुटमळतोय. जून-जुलैत ढग असतील तेव्हा किती चालतंय ते मोजायचंय, तोपर्यंत कारखान्यातल्या कुणाला काही कबूल करणार नाही. काचेपलीकडून वेळ झाली म्हणून हात दाखवतायत, थांबतो. नमस्कार.