कॉल लावता येणं

(दृश्य : पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची खोली. लांब टेबलावर चार संगणक.)

व्हिडिओ कॉल घेता येणं वेगळं आणि लावता येणं वेगळं. या खोलीतल्या बहुतेकांना घेता येतो. परदेशी निघण्याआधी मुलानं सगळं जोडून दिलेलं असतं. रिंग वाजली की हिरवं बटण दाबायचं. पण मग बोलणं कधी व्हायचं, हे कायम पलीकडचंच माणूस ठरवतं. म्हणून या वर्गाचा पहिला नियम : माऊस शिकणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही.

पाळायला हा नियम फार अवघड आहे.

(दृश्य : माऊसवरचा हात, जवळून.)

बघा, डबल क्लिक करताना बोट दाबलं की मनगटही हलतं. दोन क्लिकमध्ये जरा वेळ जातो आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी त्याचं नाव बदलायची चौकट उघडते. असं झालं की घरी नातू म्हणतो, 'आजी, थांब, मी करून देतो.' प्रेमानंच म्हणतो, पण आजीचं शिकणं तिथंच अडतं. इथं कुणी पुढं होत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करून देतात आणि पुन्हा करायला सांगतात.

पुढची अडचण परवानगीची. पहिल्यांदा कॉल लावताना ब्राउझर विचारतो, कॅमेरा आणि माइक वापरू का? भलतंच काही होईल या धास्तीनं नकार दिला जातो आणि समोरच्याला नुसता काळा चौकोन दिसतो. पत्त्याच्या पट्टीत डाव्या कडेला एक छोटं चिन्ह असतं, तिथून ही परवानगी परत देता येते. एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

मग शेजारच्या टेबलाला कॉल. खोलीत एकदम कर्कश शिट्टी घुमते! एका संगणकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, तिथून परत पहिल्याकडे येतो आणि वाढतच जातो. इयरफोन लावले की थांबतो.

परदेशातल्या माणसाशी बोलायला आयएसडी बूथमध्ये उभं राहून मीटरचे आकडे बघणारी ही पिढी. संगणकावरून फुकट बोलायची सवय जगाला मोठ्या प्रमाणावर लावली ती स्काइपनं. २००३ साली आलेलं हे सॉफ्टवेअर एस्टोनियातल्या प्रोग्रॅमरांनी लिहिलेलं. २००६ पासून त्यात चित्रही दिसू लागलं. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. त्याआधी, १७ जुलै २०१८ ला याहू मेसेंजर गेलं होतं. 'निळ्या चिन्हावर क्लिक, मग वरून तिसरं नाव' असं कागदावर लिहून पाठ करणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून इथं एकच ॲप घोटून घेत नाहीत. आज मीट, उद्या झूम, परवा व्हॉट्सॲप. माइक, कॅमेरा आणि कॉल तोडायचं लाल बटण कुठं आहे, ते प्रत्येक वेळी आपलं आपण शोधायचं.

लाल बटणाचा सराव जास्तच करून घेतात, आणि ते योग्यच आहे. गणवेश घालून, 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असं धमकावत वयस्कर माणसांना तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणाऱ्या टोळ्या आहेत. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. कॉल तोडायचा, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा.

(दृश्य : कीबोर्ड.)

या बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. चॅटसाठी त्यांनी इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड निवडला. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणं अनेकांना सोपं वाटतं, पण आयुष्यभर बाराखडी शिकवलेल्या माणसाला इनस्क्रिप्टच जवळचा वाटावा. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'क'च्याच कळीवर शिफ्ट धरून 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ'. 'ल'वर शिफ्ट धरला की 'ळ'.

अमेरिकेतल्या मुलाला आत्ता कॉल लावता येणार नाही. इथं दुपारचे दोन, म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार. हिवाळ्यात तर साडेतीनच. बाईंना त्याची अडचण नाही. स्वतः लावायचा पहिला कॉल त्यांनी बेळगावच्या मैत्रिणीसाठी ठेवलाय. दोघी एकाच शाळेत शिकवायच्या.

न विचारता कॉल लावणं त्यांना प्रशस्त वाटत नाही. आधी चॅटमध्ये एक-एक कळ शोधत लिहितात : 'वेळ आहे का गं?'

उत्तर येतं : 'कुकर लावलाय. दहा मिनिटांनी लाव.'

बाई इयरफोन शोधायला लागतात.