ऊब नसलेली उबवण

नमस्कार, श्रोतेहो. खुडूक कोंबडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एकवीस दिवस ठाण मांडून बसते, पण मधूनच उतरते, चार दाणे टिपते, पाणी पिते. आजच्या गोष्टीतल्या आईला खाताना कुणी पाहिलंच नाही.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, समुद्राच्या पोटात माँटेरे नावाची खोल दरी आहे. तिथे साधारण १,४०० मीटर खोलीवर, मे २००७ मध्ये समुद्रजीवांचे अभ्यासक ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका कातळाला बिलगून बसलेली ऑक्टोपस मादी दिसली. आठही हातांखाली अंडी. पुढे जेव्हा जेव्हा त्यांनी दुरून चालवायचं पाणबुडी यंत्र खाली सोडलं, तेव्हा तीच तिथे! अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू येई. खेकडे, कोळंबी शेजारून जात. अंड्यांना धक्का लागत नसेल, तर ही ढुंकून पाहत नसे. यंत्राच्या हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही तिने घेतले नाहीत. दर भेटीत ती अधिक फिकट दिसे, कातडी लोंबू लागली, डोळे धुरकटले.

सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये कातळावर उरली होती ती फुटलेल्या अंड्यांची रिकामी टरफलं, सुमारे १६०. म्हणजे त्रेपन्न महिने! आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवसांचं केवढं कौतुक.

आता, 'उबवणं' हा शब्द इथे खरं तर चुकतोच. ऑक्टोपसच्या अंगात द्यायला ऊब नसते. ती अंडी राखते, साफ करते, त्यांच्यावरून ताजं पाणी खेळतं ठेवते. भोवतालचं पाणी तीन अंश सेल्सिअस; त्या गारठ्यात पिल्लू वाढतं मुंगीच्या पावलांनी. पण बाहेर येतं ते स्वतः शिकार करण्याइतकं तयार होऊन. उथळ पाण्यातला साधा ऑक्टोपस लाखाच्या घरात अंडी घालतो आणि त्याची इवलीशी पिल्लं प्रवाहावर सोडून दिलेली असतात.

मग ऊब मिळाली तर? २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यापासून दूर, डेव्हिडसन या समुद्री पर्वताच्या पायथ्याशी ३,२०० मीटरवर हजारो ऑक्टोपस माद्या दाटीने बसलेल्या सापडल्या. भोवतालचं पाणी जेमतेम १.६ अंश. पण माद्या बसल्या होत्या नेमक्या त्या फटींत, जिथून कोमट पाणी झिरपतं. तिथे पिल्लं दोन वर्षांच्या आत बाहेर पडतात. आया मात्र तिथेही मरतातच, आणि शेजारची समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे प्राणी) नि गोगलगायी त्यांच्यावर पोसतात.