पुंगळी कुणी उचलली?

(दृश्य: प्रात्यक्षिक. पांढऱ्या कागदावर रिकामी पुंगळी, शेजारी मोजपट्टी)

पोलीस चकमकीत माणूस मेला, तर पुरावा कसा जपायचा ते पाहू. ही नऊ एमएम पिस्तुलाची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं धातूचं आवरण. गोळी सुटली की पिस्तूल ती बाहेर फेकतं, बहुतेकदा उजवीकडे. रिव्हॉल्व्हर फेकत नाही, पुंगळी चक्रातच राहते. प्रत्येक पुंगळी कुठे पडली ते मोजून नकाशात मांडलं, तर गोळी झाडणारा साधारण कुठे उभा होता हे कळतं. सगळ्या गोळा करून एका पाकिटात भरल्या, की संपलं. पंचनाम्यात मग एवढंच उरतं: 'पुंगळ्या जप्त.'

(दृश्य: पुतळ्याच्या हातावर खाकी कागदाची पिशवी, मनगटाशी दोरा)

मयताने आधी गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं असेल, तर त्याच्या हातावर बंदुकीच्या दारूचे कण शोधावे लागतात. त्यासाठी ही पिशवी. कागदाचीच, प्लास्टिकमध्ये दमटपणा धरतो. आधी ठसे घेतले, हात पुसले, की कण गेले. अर्थात कण सापडले म्हणजे त्यानेच गोळी झाडली असंही नाही, जवळ उभ्या माणसाच्या हातावरही ते बसतात.

(दृश्य: सदऱ्यावरचं छिद्र, अगदी जवळून)

छिद्राभोवतीचा हा काळेपणा पाहा. नळी अगदी जवळ असेल तरच तो येतो. थोडी दूर असेल तर कातडीवर गोंदल्यासारखे ठिपके उठतात, आणखी दूर गेली की तेही नाहीत. म्हणून सदरा सावलीत वाळवून कागदात बांधायचा, आणि अंगावरून काढताना कात्री छिद्रातून न्यायची नाही. हे वारंवार सांगावं लागतं!

(दृश्य: पाकिटावर लाखेचं सील, पंचांच्या सह्या)

सील कुणाचं, म्हणजे तपास कुणाच्या हातात, हा खरा प्रश्न. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत जवळपास १३५ माणसं मेली. त्यावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ला १६ नियम घालून दिले. गुन्हेगाराच्या हालचालींची खबर आधी लेखी नोंदवायची. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, देखरेख करणारा अधिकारी चकमकीच्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह. गोळी झाडणाऱ्यांनी शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. शौर्यपदक, बढती लगेच नाही.

कागदावर चोख आहे. पण दुसऱ्या ठाण्याचं पथक पोहोचेपर्यंत जागेवर असतात ते गोळी झाडणारेच. पहिली पुंगळी उचलायची संधी त्यांचीच.

(दृश्य: वर्सोवा, संध्याकाळची रहदारी)

नोव्हेंबर २००६. इथे चकमक झाल्याचं सांगितलं गेलं. पण त्याआधीच मेलेल्या माणसाच्या कुटुंबाने, आमचा माणूस पोलिसांनी उचलून नेलाय, अशा तारा आणि फॅक्स अधिकाऱ्यांना पाठवले होते. तारेवर वेळ असायची, आणि ती नोंद पोलिसांच्या हातातली नव्हती. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २००९मध्ये विशेष पथक नेमलं गेलं. पोलिसांना झालेली जन्मठेप मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने कायम केली.

(दृश्य: सत्र न्यायालयाची पायरी, हातात फाईल)

नियम पाळले गेले नाहीत असं वाटलं, तर घटनास्थळ ज्यांच्या हद्दीत येतं त्या सत्र न्यायाधीशांकडे कुटुंबाला तक्रार करता येते. माणूस नेल्याचं कळताक्षणी नियंत्रण कक्षाला फोन आणि आयुक्तालयाला ई-मेल करा. फोनची वेळ टिपून ठेवा, ई-मेलची प्रत काढून अर्जाला जोडा.