बेसिनखालचं तांब्याभर पाणी

नमस्कार श्रोतेहो. आज जरा वाकायचंय. वॉश बेसिनपुढे आपण रोज उभे राहतो, दात घासतो, भांग पाडतो. पण खाली वाकून कधी बघतो? पायावर पाणी ठिबकलं की!

तर वाका. भिंतीतून आलेला छोटा कॉक दिसेल, तो अँगल कॉक. तिथून नळाकडे जाणारी नळी, ती कनेक्शन पाइप. हे झालं येणारं पाणी. जाणारं पाणी जाळीच्या वेस्ट कपलिंगमधून उतरतं आणि एका फुगीर डबीत शिरतं. ती डबी म्हणजे बॉटल ट्रॅप. लक्षात ठेवा, बॉटल ट्रॅप. गोष्ट तिचीच आहे.

मे महिन्यात आम्ही घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलो होतो. परत आलो, दार उघडलं आणि भपकारा! आई म्हणाली, "उंदीर मेलाय." आमच्याकडे आईनं निदान केलं की त्यावर चर्चा नसते. कपाट सरकवलं, फ्रिज ओढला, माळ्यावरची आकाशकंदिलांची खोकी उतरवली. उंदीर नाही, हरवलेले दोन चमचे तेवढे सापडले. फिनेल झालं, कापूर झाला, वास जागच्या जागी.

चौथ्या दिवशी प्लंबरदादांना बोलावलं. त्यांनी हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. "कुलूप किती दिवस होतं?" महिना. "फारसं न वापरलेलं बेसिन कुठलं?" जेवणघरातलं, पाहुण्यांपुरतं. ते सरळ ओट्याकडे गेले, तांब्या उचलला आणि बेसिनमध्ये रिकामा केला. "खिडक्या उघड्या ठेवा, जाईल." संध्याकाळपर्यंत वास गेला. व्हिजिटचे दोनशे रुपयेही गेले.

झालं होतं काय, की त्या डबीत नेहमी थोडं पाणी अडून राहतं. तेच गटारातल्या वाऱ्याला अडवतं. पाणी हेच झाकण! उन्हाळ्यात ते सुकलं आणि झाकण उडालं. 1775 साली अलेक्झांडर कमिंग यांनी संडासाच्या पाइपला असा पाणी धरणारा बाक देऊन पेटंट घेतलं. गृहस्थ घड्याळजी होते! आणि 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स इमारतींत सार्स या श्वसनाच्या रोगाची साथ पसरली, तेव्हा न्हाणीघरांतले असेच सुकलेले ट्रॅप हे एक कारण निघालं. म्हणून पुन्हा सांगतो, डबीतलं पाणी सुकू देऊ नका.

बेसिन तुंबलं तर खाली बादली ठेवा आणि डबीची खालची वाटी हातानं फिरवून काढा. केसांचा गोळा निघेल. वॉशर मात्र हरवू नका. अँगल कॉक अधूनमधून फिरवत जा. बोअरच्या पाण्यानं तो जाम होतो आणि नेमका नळ फुटतो त्या दिवशी हटून बसतो. बेसिनखाली लाकडी कपाट करून सगळं झाकून टाकणाऱ्यांना मी काय सांगणार? गळती त्यांना प्लायवूड फुगल्यावर कळते. हल्ली घरात जे म्हणून कामाचं, ते लपवायचं! आमच्या जुन्या घरातली मोरी कशी, सगळं उघड्यावर... असो.

आता गावी निघायच्या दिवशी आई तांब्या घेऊन फिरते. प्रत्येक बेसिनमध्ये, प्रत्येक नाहणीत पाणी घालते आणि वर चमचाभर गोडेतेल सोडते, पाणी लवकर उडू नये म्हणून. रिक्षा खाली हॉर्न वाजवत असते. आई शेवटचा तांब्या ओतते आणि म्हणते, "हे माझे दोनशे वाचले."