डिकीत जागा आहे का?

[ठाणे. इमारतीचं फाटक. सकाळचे सव्वाआठ.]

बुकिंग झालंय. गाडी कोपऱ्यावर आली आहे. व्हीलचेअरवर बसलेल्या ताई ड्रायव्हरला पत्ता सांगत नाहीत. आधी विचारतात, "दादा, सीएनजी आहे का गाडी?"

"हो."

"मग डिकीत घडीची व्हीलचेअर मावेल का?"

क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग स्क्रीनवर दिसतं, राइड रद्द.

ड्रायव्हरला लगेच दुष्ट ठरवू नका. आधी डिकी उघडून बघा. सीएनजीची टाकी आडवी बसवलेली असते, उरलेल्या जागेत जेमतेम दोन पिशव्या. मग खुर्ची जाते पुढच्या सीटवर. चाकांची माती लागू नये म्हणून ड्रायव्हर खाली वर्तमानपत्र अंथरतो. गंमत बघा, खुर्चीतून गाडीत सरकायला अनेकांना पुढचीच सीट सोयीची पडते, तिथे पाय सोडायला जागा असते. आता त्या जागेवर खुर्चीच बसलेली.

[जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं छायाचित्र.]

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीला टपावर कॅरियर असायचं. दोरी बांधली की खुर्ची वर. अपंगांचा विचार करून ते कोणी बसवलं नव्हतं, पण उपयोगी पडायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी टाटांनी सीएनजी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या आणि डिकी मोकळी केली. म्हणजे जागा काढता येते. पण येणाऱ्या गाडीची डिकी मोकळी आहे की नाही, हे बुकिंग करताना कळायला हवं ना? गाडीचा रंग कळतो, नंबर कळतो, ड्रायव्हरचे स्टार कळतात. हे मात्र फोन करूनच विचारायचं.

अंध प्रवाशाची अडचण निराळी. "समोरच उभा आहे, पांढरी गाडी," असं ड्रायव्हर सांगतो. प्रवासी म्हणतो, "दादा, दोनदा हॉर्न वाजवा." भर रस्त्यात, जिथे सगळेच हॉर्न वाजवतायत.

आणि वेळ. खुर्चीतून सीटवर यायचं, खुर्ची मिटायची, ठेवायची, यात पाच-दहा मिनिटं सहज जातात. अमेरिकेत उबर गाडी आल्यावर दोन मिनिटांनी थांबण्याचे पैसे लावत असे. नोव्हेंबर 2021 मध्ये तिथल्या न्याय खात्याने कंपनीवर दावा लावला, आणि 2022 च्या तडजोडीत अपंग प्रवाशांना तो आकार माफ झाला. हे बरंच झालं. पण ड्रायव्हरच्या त्या दहा मिनिटांचे पैसे कोणी द्यायचे? माझ्या मते कंपनीने. प्रवाशाने नाही, ड्रायव्हरने तर नाहीच.

लंडनच्या काळ्या टॅक्सीत खुर्चीसकट चढता येतं, रॅम्प गाडीतच असतो, आणि त्यासाठी जादा भाडं घेणं गुन्हा आहे. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 41 वाहतुकीबद्दलच आहे. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं.

[पुन्हा फाटक. आठ बावन्न.]

तिसरी गाडी. हीसुद्धा सीएनजीच. ड्रायव्हर उतरतो, खुर्चीकडे बघतो, पुढची सीट मागे सरकवतो.

"ताई, तुम्ही पुढे बसा. खुर्ची मागे आडवी टाकतो. कुठून धरू?"

"मला नको धरू. खुर्चीचा ब्रेक लाव आधी. डावीकडचा. तो सैल आहे."